सुभेदाराची अमेरिकन

लालासाहेब सुभेदारानं सोप्यातल्या बाजेवर रायफल उन्हाला टाकली, की समोरच्या टपरीत धोंडिरामाचा पाना हातातल्या हातात थांबायचा. इंजिनाचं नोझल अर्धं सुटलेलं असू दे, नाहीतर गिऱ्हाईक बोंबलत बसलेलं असू दे, धोंडिराम आपला मान वाकडी करून रस्त्यापलीकडं बघत राहायचा. आपल्यासाठी बघितलेली पोरगी दुसऱ्याच्या अंगणात धुणं वाळत घालताना दिसावी, तसं त्याचं तोंड व्हायचं.

रायफल अमेरिकन होती. लढाईतली गॅरंड. पण कुसळेवाडीनं ते नाव कधी तोंडात घेतलं नाही, नुसतं 'अमेरिकन' म्हणायचे. आठ काडतुसांची पत्र्याची क्लिप वरनं आत दाबायची आणि मग नुसता घोडा ओढत राहायचं. पाटलाच्या रायफलीसारखी दर गोळीला खिट्टी मागंपुढं करायची भानगड नाही. एक गोळी सुटली की बाई रिकामं टरफल स्वतःच बाहेर फेकणार, दुसरं काडतूस स्वतःच पोटात घेणार. आठवी सुटली की क्लिप 'टण्ण' करून हवेत. त्या टण्ण आवाजासाठी धोंडिराम जेवणाच्या ताटावरनं उठला असता.

कारण ती खरी त्याची होती, असं त्याचं म्हणणं. कागदावर नव्हे, पण हातानं. लढाईत तो आसामात लेडोच्या डेपोत आर्मरर होता, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा. अमेरिकेतनं पेट्याच्या पेट्या यायच्या, ग्रीसमध्ये बुडवलेल्या. त्यातल्या शेकडो रायफली त्यानं मांडीवर घेऊन पुसल्या, खोलल्या, जोडल्या. डोळ्यावर पट्टी बांधली तरी जोडल्या असत्या. आणि त्याच वेळी लालासाहेब काय करत होता? खेचरं हाकत होता. खेचरांच्या कंपनीत नाईक म्हणून लागला आणि नाईक म्हणूनच घरी आला. सुभेदारकी त्याला सरकारनं दिलीच नव्हती. ती गावानं दिली, तीही रायफल घरात आल्यावर.

रायफल तरी आली कशी? फुकट. लालासाहेबाचा सासरा साताऱ्याला एका सरदाराच्या शिकारखान्यावर होता. सरदारानं खूश होऊन ती म्हाताऱ्याला दिली आणि म्हाताऱ्यानं जाताना जावयाला. परवानाही जुना, नवा कायदा यायच्या आधीचा, रीतसर नावावर झालेला. धोंडिरामाच्या सासऱ्यानं त्याला काय दिलं होतं? एक घड्याळ. तेही लग्नाच्या वरातीतच बंद पडलं.

"आवं, भाकरी गार झाली," आतनं हरणाबाई ओरडायची.

"आलो."

"ती काय तुमच्याकडं बघंना झालीया. जेवा."

हरणाबाईला नवऱ्याचं दुखणं पाठ होतं.

*

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. पाऊस बरा झालेला, विहिरींना पाणी, त्यामुळं त्या साली दसरा दणक्यात करायचं गावानं ठरवलं. कुसळेवाडीचा दसरा म्हणजे नारळ. सगळं गाव वाजतगाजत शिवेवरच्या ओढ्यापर्यंत जायचं. पलीकडच्या उंच बांधापुढं बाभळीला नारळ टांगलेला असायचा. ज्यांच्याकडं परवान्याची रायफल, त्यांनी अलीकडनं तो फोडायचा. छऱ्याच्या बंदुकीला मनाई. छऱ्यानं काय, आंधळाही फोडील. ज्याच्या गोळीनं नारळ फुटेल त्याच्या हातानं पहिलं सोनं लुटायचं, आणि परत येताना त्याला हलगीच्या पुढं घालून घरोघरी ओवाळायचं.

गेली कैक वर्षं हा मान आप्पासाहेब पाटलाकडं होता. म्हातारा खाली बसायचा, खोकायचा, नाक पुसायचा, आणि एका गोळीत नारळाचं पाणी करायचा. लालासाहेबाची तऱ्हा वेगळी. त्याच्याकडं आपलं आपण भरणारं हत्यार, तर तो ते दाखवल्याशिवाय कसा राहील? धाड धाड धाड धाड! आठ गोळ्या एका दमात. बाभळीच्या शेंगा पडायच्या, बांधाची माती उडायची, एकदा तर फांदीवरचं मधाचं मोहोळ उठून अर्धं गाव ओढ्यात पडलं. नारळ मात्र जिथल्या तिथं डुलत असायचा. लोकांना मजा यायची. सगळ्यात जास्त मजा धोंडिरामाला. ती टण्ण करून क्लिप उडायची तेव्हा त्याच्या जिवाला गोड वाटायचं, आणि नारळ शाबूत बघून त्याहून गोड.

त्या साली सासऱ्यानं ठेवलेली काडतुसं संपली होती. घटस्थापनेच्या दिवशी लालासाहेब रस्ता ओलांडून टपरीत आला. स्वतःहून आला याचाच धोंडिरामाला संशय आला.

"धोंड्या, सांगलीला येतोस का?"

"काय काम?"

"काडतुसं घ्यायची हाईत. त्या अमेरिकनला कुठली लागत्यात ते तुला ठावं. दुकानदार कायबी गळ्यात मारंल."

धोंडिरामानं पाना फडक्यात गुंडाळला. चेहरा असा ठेवला की जणू लयच काम पडलंय. आतनं मात्र त्याला उकळ्या फुटत होत्या. गड्याला शेवटी आपलीच गरज लागली!

"यीन. पर यष्टीचं तिकीट तुझं."

"तुझंबी माझंच. आनि भजीबी."

*

सांगलीत मारुती रोडच्या आतल्या एका बोळात नानासोंचं दुकान होतं. बाहेरून बघितलं तर छत्र्या दुरुस्तीचं वाटावं असं. आत काचेच्या कपाटात बंदुका आणि मागं लोखंडी तिजोरीत काडतुसं. नानासो जाडजूड, सोनेरी दांड्यांचा चष्मा, बोलणं तुपात तळलेलं. परवाना बघितला, नोंद बघितली, आणि दोन डबे आणून फळीवर ठेवले.

"दोन्ही याच मापाची. दोन्ही तुमच्या रायफलीत बसतील. आता तुमची पसंती."

पहिल्या डब्यातली काडतुसं बघून लालासाहेबाचे डोळेच दिपले. नवीकोरी, पितळ असं पिवळं की नवरीच्या बांगड्या. गोळी लांब, जाड, पुढं शिशाचं बोथट नाक. "गव्याची, अस्वलाची," नानासो म्हणाले. "एक बसली की विषय संपला." दुसऱ्या डब्यातली फौजी पद्धतीची. बारीक टोकदार गोळी, अंगावर तांब्याचा पातळ मुलामा, पितळ काळपटलेलं. जुन्या भांड्यांच्या बाजारातनं उचलल्यासारखी.

धोंडिरामानं काळपट काडतूस बोटात धरून उजेडाला फिरवलं. हिरवा गंज नाही. गोळी घट्ट बसलेली, हलत नाही. बुडाशी चीर नाही, पोचा नाही. मग त्यानं पिवळं काडतूस हातावर तोललं, आणि परत एकदा तोललं. आनंदानं.

त्याचं गणित एका क्षणात जमलं होतं.

त्याला पक्कं ठाऊक होतं की ती जड गोळीची काडतुसं अमेरिकनला घातक. मापात बसतात, सुटतातही, नेमावरही लागतात. पण त्या रायफलीच्या नळीला टोकाशी खालनं एक बारीक भोक असतं. गोळी पुढं गेली की दारूचा थोडा ग्यास त्या भोकातनं खाली येतो आणि एका लांब दांड्याला मागं ढकलतो. तो दांडाच टरफल फेकतो आणि नवं काडतूस आत घेतो. फौजी काडतुसाची दारू त्या दांड्याला मोजून मापून धक्का देते. जड गोळीच्या मागची दारू सावकाश जळणारी असते. गोळी भोकापाशी पोचते तरी ती जळतच असते, म्हणून धक्का भलताच मोठा बसतो. आणि दांडा लांब, बारीक, वाकडातिकडा. दोन-चार क्लिपांत त्याची कंबर मोडणार. आणि असा दांडा अख्ख्या मुलखात कुठं मिळणार नाही.

हे झालं ज्ञान. आता गंमत अशी, की धोंडिरामाच्या तोंडचं खरं लालासाहेब कधीच धरत नसे. आणि का धरावं? ज्या माणसानं बुजगावण्याला साहेबाची टोपी घालून अख्ख्या गावाकडनं त्याला सलाम ठोकून घेतले, ज्यानं लालासाहेबाच्या खेचरांच्या फोटोखाली 'घरचे' असं लिहून तो चावडीत लावला, त्याचं कोण ऐकतं? म्हणजे खरं सांगितलं, की लालासाहेब उलटं करणार. धोंडिरामाला खोटं बोलायचीही गरज नव्हती! आयुष्यात पहिल्यांदा त्याला खरं बोलून चेष्टा करायची संधी मिळत होती. भैरोबा कधी कधी असा प्रसन्न होतो.

"लाल्या, ही काळी घे," तो अगदी गंभीर तोंडानं म्हणाला. "त्या जाड्यांनी दांडा वाकंल."

लालासाहेबानं त्याच्या तोंडाकडं बघितलं. मग पिवळ्या काडतुसांकडं. मग परत त्याच्या तोंडाकडं.

"वाकंल?"

"वाकंल. कायमचा. मी सांगून सुटलो."

"आनि ही भंगारातली घिऊन दसऱ्याला जाऊ? समद्या गावाम्होरं फुसकी सुटली म्हंजी तू हसायला मोकळा, व्हय रं?"

"न्हाई सुटायची फुसकी. नळी तेवढी मागनं कढत पाण्यानं धू, याच्या बुडाच्या पेटणीत मीठ असतंय, नळी गंजती..."

"मीठ!" लालासाहेब नानासोंकडं वळून खदाखदा हसला. "ऐकलंसा? मीठ असतंय म्हनं. आता हळद घालून कालवन कर म्हनंल. शेठ, पिवळी द्या."

नानासोंनी गंभीरपणानं मान हलवली. "फौजी काडतूस हलकं पडत न्हाई, सुभेदार. यांचं म्हननं..."

"यांचं म्हननं मी वीस वर्सं ऐकतोय. पिवळी."

धोंडिरामानं बोळाच्या तोंडाशी भजी खाल्ली. तीन घाणे. अशी भजी त्यानं जन्मात खाल्ली नव्हती.

*

एसटी मिरज रोडनं निघाली तोवर मजा होती. विश्रामबागेच्या पुढं गाडी जरा रिकामी झाली, वारा लागला, आणि धोंडिरामाच्या डोळ्यापुढं तो दांडा आला.

काळजी लालासाहेबाची नव्हे, लालासाहेब मरू दे; पण ती. तिचा तो दांडा, ज्याला त्यानं लेडोत चिखल-पावसात तेल लावलं होतं. त्याच्यासारख्याच दुसऱ्या दांड्याला, पण त्यानं काय फरक पडतो? पहिला धाड, दुसरा धाड, आणि कंबरेतनं ती वाकली. मग टरफल अर्धंच बाहेर येणार, नवं काडतूस तिरकं अडकणार. लालासाहेब चिडून लाथ घालील. मग सोप्यातल्या खुंटीला नुसती शोभेला लटकवील, आणि वर त्याची बायको शालूबाई तिच्यावर ओली साडी वाळत टाकेल.

"काय रं, का गप?" लालासाहेबानं कोपर मारलं.

"पोट."

"भजी लय खाल्लीस."

रात्रीच्या जेवणाला त्यानं हरणाबाईला सगळं सांगितलं. तिनं भाकरी थापता थापता ऐकलं.

"म्हंजी तुमी खरं बोलला आनि पाप लागलं."

"मला काय पाप? मी सांगितलं ना."

"सांगितलं, पर तुमाला ठावं हुतं त्यो ऐकनार न्हाई. मंग सांगितलं कशाला म्हनायचं त्याला?" तिनं भाकरी उलटली. "जावा सकाळी. परत सांगा. नीट."

गेला. सकाळी लवकर गेला, टोपी घालून गेला. लालासाहेब गोठ्यापुढं दात घासत होता.

"लाल्या, भैरोबाची आन. ती पिवळी तिला नगंस घालू."

लालासाहेबानं चूळ भरली. "भैरोबाची आन तू बुजगावन्याच्या येळंलाबी घेतली हुतीस."

"ती चेष्टा हुती."

"आनि ही?"

"ही..." धोंडिरामाला आता खरं पटवून द्यायचं होतं. त्याच्यावर ही पाळी कधी आलीच नव्हती. "आरं, तू रायफलीचा मालक हायस का वैरी?"

"मालक. तूच तेवढा न्हाईस. म्हनून तुझं पोट दुखतंय, धोंड्या. वीस वर्सं दुखतंय. ओवा खा."

खरंच दुखत होतं. आणि आता दोन्ही बाजूंनी दुखायला लागलं होतं. दांडा वाकायला नको होता, आणि लाल्याला नारळाचा मान मिळायला नको होता. एवढ्या दोनच गोष्टी. माणसानं भैरोबाकडं मागून मागून किती मागावं?

*

उपाय खंडेनवमीला सापडला.

खंडेनवमीला गावातली सगळी हत्यारं भैरोबाच्या देवळात पूजेला येतात. तलवारी, भाले, पाटलाची रायफल, छऱ्याच्या बंदुका, आणि त्यांच्याच रांगेत विळे, कुऱ्हाडी, सुताराचं वाकस, कुणीतरी ठेवलेला ट्रॅक्टरचा जॅक. काडतुसं देवळात आणायची नाहीत, हा नियम. आणि हत्यारांना तेल लावायचा मान धोंडिरामाचा. लढाईवरनं आला तेव्हापासनंचा. लालासाहेबालाही त्या दिवशी अमेरिकन त्याच्या मांडीवर द्यावीच लागायची. वर्षातनं एकदा. देताना लालासाहेबाचा चेहरा असा व्हायचा की बायको परक्या माणसाबरोबर जत्रेला धाडलीय.

धोंडिरामानं ती मांडीवर घेतली. जड होती, गार होती, जुन्या लाकडाचा आणि जवसाच्या तेलाचा वास. त्यानं फडकं फिरवलं. नळीच्या टोकाशी आला, आणि हात थांबला.

ग्यास ज्या नळकांडीत उतरतो, तिच्या तोंडाला एक मोठा पेचाचा स्क्रू असतो. तो ग्यासला आत कोंडतो. तो काढून टाकला की ग्यास पुढच्या पुढं मोकळा निघून जाणार. दांड्याला धक्काच नाही. कसलीही काडतुसं घाला, जड घाला, हत्तीची घाला, दांडा जागचा हलणार नाही. मग वाकेल कुठनं?

आणि धक्का नाही म्हणजे रायफल आपलं आपण भरणारही नाही! एक धाड, आणि पुढं नुसतं मुकं. दर गोळीला लालासाहेबाला हातानं बाजूचा खटका मागं ओढावा लागणार. समद्या गावाम्होरं. पाटलाच्या जुन्या इंग्लिश रायफलीसारखं. ना ते धाड धाड धाड, ना टण्ण. अमेरिकनची झाली इंग्लिश!

धोंडिरामाला हसू आवरेना. दोन्ही गोष्टी एका पेचात. ती वाचते आणि तो पडतो. पुजारी ओव्या म्हणत होता, लालासाहेब पाटलाला पिवळ्या काडतुसांचं कौतुक सांगत होता, आणि धोंडिरामानं टपरीतनं आणलेल्या चपट्या पेचकशानं तो स्क्रू सोडवून बनियनच्या खिशात टाकला. नळकांडी सैल पडू नये म्हणून तिच्या भोवतीची कडी फिरवून घट्ट बसवली. हात नुसते आपलं आपण चालत होते, लेडोत चालायचे तसे.

"झालं का रं?" लालासाहेब वरनं बघत होता.

"झालं. नवरीगत नटवलीया."

लालासाहेबानं ती खांद्याला लावून आडवी-उभी बघितली. खेचरवाल्याला काय दिसणार?

*

दसऱ्याला ओढ्याच्या काठावर मुंगी शिरायला जागा नव्हती. आप्पासाहेब पाटलानं आधी गोळी मारली. म्हातारा बसला, खोकला, नाक पुसलं. पण त्या साली त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. गोळी नारळाच्या अंगावरनं गेली, दोरी तेवढी हलली. दुसरीही तशीच. म्हातारा रायफल पोराकडं देऊन म्हणाला, "आता सुभेदाराचं बघा. आठ हाईत त्याच्याकडं, एखादी तरी चुकून लागंल."

लोक हसले. लालासाहेब पुढं झाला. फेटा, कडक धोतर, पिवळ्या काडतुसांची क्लिप. आत दाबली. खटका पुढं सुटला. धोंडिराम सगळ्यांच्या पुढं बसला होता, दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून, आंघोळीला बसल्यागत.

धाड!

आवाज नेहमीपेक्षा मोठा, नळीच्या तोंडाशी भलताच जाळ. बांधाची माती उडाली. लालासाहेबानं सवयीनं लगेच घोडा ओढला.

काही नाही.

परत ओढला. काही नाही.

"आरं, रुसली!" मागनं कुणीतरी म्हणालं. "सुभेदार, आडवं बोलला काय तिला?"

"तिला म्हनावं, म्हायेरी साताऱ्याला न्हिऊन सोडतो!"

ओढ्यावर हसण्याचा पूर आला. धोंडिरामाचं पोट दुखायला लागलं, पण आता चांगलं दुखत होतं. लालासाहेबाचे कान लाल झाले. त्यानं खटका धरून जोरात मागं ओढला. टरफल बाहेर पडलं, नवं काडतूस आत गेलं. म्हणजे चालतेय. पण हातानं. लालासाहेबानं एकदा लोकांकडं बघितलं, एकदा धोंडिरामाकडं.

आणि मग काय झालं, की घाईच उरली नाही. धडधड सोडायची सोयच नव्हती. म्हणून तो खाली बसला. पाटलासारखा. गुडघ्यावर कोपर टेकवलं. श्वास सोडला. नेम धरला.

धाड! नारळाच्या शेंडीचा झुबका उडाला.

हसणं थांबलं.

लालासाहेबानं सावकाश खटका ओढला. टरफल खाली पडलं, गवतात चमकलं. परत बसला. नेम. धोंडिरामानं गुडघ्यावरचे हात काढून तोंडावर घेतले. त्याला दिसत होतं. त्याच्या आर्मररच्या डोळ्याला दिसत होतं, नळी आता कुठं बघतेय ते. "वर धर रं," तो मनातल्या मनात म्हणत होता, "जरा वर धर, चुकव, चुकव..."

धाड!

नारळ फुटला. पाणी बांधावर शिंपडलं, अर्धी कवटी ओढ्यात पडली. मग हलगी कडाडली. लोकांनी लालासाहेबाला खांद्यावर घेतला, गुलाल उडाला. आप्पासाहेब पाटील सगळ्यांना सांगत होता, "बघितलंसा? धाडधाड सोडून दिलं त्यानं. शान्या मानसानं एकेकच मारावी. अगदी माझ्यागत मारली!"

धोंडिराम बसलेल्या जागीच बसून राहिला. इतकी वर्षं गड्याचा एक दोष होता, घाई. तेवढा एकच दोष. आणि तो कुणी काढून टाकला? दुसरा कुणी नाही मिळाला!

*

आपटा लुटून झाल्यावर लालासाहेब गुलालानं माखलेला, घामानं ओला, त्याच्याकडं आला. हातात आपट्याची पानं.

"सोनं घे, धोंड्या. काय म्हनत हुतास? दांडा वाकंल? बघ, काय काडतुसं हाईत! जरा हट्ट करत्यात, आपलं आपन भरून घेईनात, पर लागत्यात कशी!"

धोंडिरामाच्या डोक्यात काहीतरी फट्कन् सुटलं. त्यानं लालासाहेबाला दंडाला धरून वडाच्या आडोशाला नेलं, बनियनच्या खिशातनं तो पेच काढला, आणि तळहातावर धरला.

"काडतुसं न्हाई. ह्यो. ह्यो मी काढला, काल देवळात. म्हनून ती भरून घेईना. म्हनून दांडा वाकला न्हाई. आनि..." हे त्याला बोलवेना, पण बोलला, "आनि म्हनूनच तुला नेम धरता आला."

लालासाहेबानं वाकून पेच बघितला. धोंडिराम शिव्यांची वाट बघत होता. खरं तर त्याला शिव्या हव्याच होत्या. शिव्या दिल्या असत्या, तर गाव गोळा झालं असतं, खरं कळलं असतं, आणि मान तरी अर्धा अर्धा वाटला गेला असता.

"म्हंजी ह्यो न्हाई तवर ती एकेकच सुटनार?" लालासाहेब हळूच म्हणाला.

"व्हय."

"पिवळी घातली तरी दांडा वाकनार न्हाई?"

"न्हाई. पर लाल्या, आता ती काळी आन, मी पेच लावून देतो. परत पहिल्यागत धाड धाड..."

"नगं."

"नगं म्हंजी?"

"नगंच लावू. ऱ्हाऊ दे तशीच."

"आरं, ती गॅरंड हाय!" धोंडिरामाचा आवाज चढला. "तिच्या जन्माचा अर्थच त्यो हाय! आठ! आपलं आपन! आनि ती क्लिप उडती तवा..."

"तिच्या जन्माचं तू बघ. मला नारळ पायजे." लालासाहेबानं गुलालाचा हात त्याच्या खांद्यावर थापटला. आणि मग डोळा बारीक करून, अगदी धोंडिरामाच्याच चालीनं म्हणाला, "पेच तुझ्यापाशीच ठिव. हरवू नगंस. आनि कुनाला बोलू नगंस. देवळात दुसऱ्याच्या हत्याराला हात घातला म्हनून कळलं, तर तेलाचा मान जाईल तुझा."

हा माणूस आयुष्यात कधी धोंडिरामाचं खरं धरत नव्हता. आज एकदाच धरलं. आणि कुठलं धरलं!

*

संध्याकाळी हलगीच्या पुढं लालासाहेब, खांद्याला अमेरिकन, दर दारी थांबत होता. टपरीपाशी आले तेव्हा हरणाबाई ताम्हणात निरांजन घेऊन उभीच होती. तिनं लालासाहेबाला कुंकू लावलं. धोंडिराम तिच्या मागं चौकटीला टेकून उभा.

"तिलाबी लाव," तो पुटपुटला.

"कुनाला?"

"तिला गं. तिनंच फोडलाय."

हरणाबाईनं नवऱ्याकडं एक नजर टाकली, आणि रायफलीच्या दस्त्यालाही कुंकवाचं बोट टेकवलं. लोकांना ते लय आवडलं. हलगीवाल्यानं जोर धरला.

"सुभेदार, नेम कसा काय बसला ह्या साली?" कुणीतरी विचारलं.

लालासाहेब निरांजनाच्या उजेडात छाती काढून उभा राहिला. "त्याचं असं हाय," तो म्हणाला, "मी म्हटलं, उगं धाडधाड कशाला? दम धरायचा. एक मारायची. निवांत. मंग दुसरी. फौजेत आमी असंच करत हुतो."

"खेचरावर बसून?" हे धोंडिरामाच्या अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. त्यावर अख्खी वरात हसली असती, वर्षभर हसली असती. पण लालासाहेब त्याच्याकडंच बघत होता, हसत, अगदी प्रेमानं. धोंडिरामानं ते वाक्य गिळलं. मग हरणाबाईनं दिलेला कडाकणीचा गोड तुकडा त्यानं सगळ्यांच्या देखत लालासाहेबाच्या तोंडात घातला.